नळवाले, गादीवाले आणि केतनची हळद

सायकलची शर्यत घरात बसून, पंख्याखाली, हातात चहाचा कप घेऊन बघावी, या मताचा मी माणूस. युरोपातल्या डोंगरावर कोणी कितीही घाम गाळो, आपण नेरूळच्या सोफ्यावरून त्याला 'अरे दामट, दामट' म्हणावं, एवढाच माझा या खेळाशी शारीरिक संबंध. तरीसुद्धा जानेवारीतल्या एका रविवारी मी पाम बीच रोडवर अंगात पोपटी जाकीट, गळ्यात शिट्टी आणि हातात लाल झेंडा अशा थाटात उभा होतो, आणि माझ्यासमोर एक अख्खी हळद अडून राहिली होती. नवरदेवासकट. बेंजो पार्टीसकट. आणि नवरदेवाचा बाप मला विचारत होता, "रावसाहेब, तू मानूस हाय का सिग्नल?"

रावसाहेब हे माझं नाव आहे, पद नव्हे. आडनाव गमरे. निदान हाक मारताना तरी लोक साहेब म्हणतील, ही आमच्या वडिलांची दूरदृष्टी. न्हावा शेवाला एका कस्टम एजंटच्या ऑफिसात मी कंटेनरचे कागद इकडून तिकडे फिरवतो आणि तिथले खरे साहेब मला 'ए रावसाहेब' अशी हाक मारतात. असो.

नवरदेवाचा बाप म्हणजे हिरामण भोईर, मूळचे करावे गावचे. त्यांच्या जमिनीवर शहर उभं राहिलं आणि शहरात त्यांच्या इमारती. लग्न करून आलो तेव्हा मी त्यांचा भाडेकरू होतो. माझी मुलगी पायल त्याच घरात झाली. पुढं मी समोरच्या सोसायटीत घर घेतलं. भाडं संपलं, भांडण चालू राहिलं. भांडण सायकलच्या संघांवरून.

या खेळातले संघ देशांचे नसतात, कंपन्यांचे असतात. एक संघ बेल्जियमच्या नळ बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा इटलीच्या गाद्या बनवणाऱ्या कंपनीचा. खरी नावं इतकी लांब की उच्चारून होईपर्यंत संघ वळणाआड जातो. म्हणून आम्ही त्यांना नळवाले आणि गादीवाले म्हणतो. मी नळवाला. हिरामणशेठ गादीवाले.

जो जोरात पायडल मारेल तो जिंकेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा उरण रोडवर यावं आणि कंटेनरच्या ट्रेलरमागं चिकटून जाणारा मोटरसायकलवाला बघावा. ट्रेलर वारा कापतो, मागचा फुकट ओढला जातो. (असं करू नये, जिवाला धोका असतो, पण उदाहरण म्हणून चांगलं आहे.) शर्यतीतही संघातले गडी पुढं राहून वारा खातात आणि त्यांचा म्होरक्या मागं आडोशाला बसून ताकद राखतो. शेवटच्या चढावर तो सुटतो. हार त्याच्या गळ्यात, वारा बाकीच्यांच्या छातीत. त्यातही एक गडी असा असतो, की मागं जाऊन गाडीतून पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या, शर्टात कोंबायच्या आणि पुढं नेऊन सगळ्यांना वाटायच्या, हेच त्याचं काम. त्याला फ्रेंचमध्ये काहीतरी नाजूक नाव आहे. मी पाणक्या म्हणतो. नळवाल्यांचा पाणक्या योरिस हा माझा माणूस. घरचे एवढे नळ असून यांना पाणक्या लागतो, या विनोदावर हिरामणशेठ गेली काही वर्षं न कंटाळता हसत आहेत.

त्यांचा जीव गादीवाल्यांच्या म्होरक्यावर, बेनेदेत्तीवर. हा गृहस्थ शेवटच्या चढापर्यंत कोणाच्या ना कोणाच्या मागं निवांत असतो.

"गादीवरच बसलेला असतो तुमचा," मी म्हणतो.

"तुजा पानी भरतो, माजा राज करतो," ते म्हणतात. आणि त्यांच्या मंडळी, यशोदावहिनी, आतून म्हणतात, "तुमी दोगं कप तरी उचलून ठेवा."

तर अशा आमच्या सुखी आयुष्यात बातमी आली, की मोठ्या संघांची एक शर्यत यंदा आपल्याकडं होणार, आणि तिचा एक दिवस चक्क नवी मुंबईत. उरणहून निघून तुर्भे, वाशी, मग पाम बीच रोड, आणि शेवट पारसिक हिलच्या चढावर. नळवाले येणार. गादीवाले येणार. योरिस माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावरून जाणार! मी ती बातमी क्रांतीला, म्हणजे बायकोला, वाचून दाखवताना माझा आवाज फाटला. क्रांती शाळेत शिकवते. फाटलेल्या आवाजांची तिला सवय आहे. ती म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी रस्ते बंद."

हिरामणशेठची अवस्था जास्त वाईट होती. त्याच रविवारी त्यांच्या केतनची हळद. त्यांनी हॉलवाल्याला गुपचूप फोन करून तारीख पुढं सरकते का विचारलं. तो फोन यशोदावहिनींनी ऐकला. पुढचे काही दिवस हिरामणशेठ चहाला आमच्याकडं येत होते.

आता माझी छोटीशी इच्छा. योरिसला जवळून बघावं. गर्दीच्या मागून टाचा उंचावून नव्हे; अगदी जवळून. आणि तेवढ्यात आयोजकांची जाहिरात दिसली: मार्शल पाहिजेत. मार्शल म्हणजे रस्त्याकडेला उभं राहून लोकांना मध्ये येऊ न देणारा माणूस. म्हणजे शर्यतीला सगळ्यात जवळचा माणूस! मी त्याच मिनिटाला नाव दिलं. घात तिथं झाला.

मार्शलला पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो, असं कळलं. मी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी मान वर न करता विचारलं, "दाखला कशासाठी?"

"शर्यतीसाठी."

"बैलगाडा?"

"सायकल."

आता त्यांनी मान वर केली आणि माझ्या पोटाचा अंदाज घेतला. "चालवणार तुम्ही?"

"नाही हो. मी उभा राहणार."

"उभे राहणार!" हवालदार स्वतःच उभे राहिले. "मग आधी नाही का सांगायचं? बसा ना, साहेब. कुठल्या वॉर्डातून?"

महापालिकेच्या निवडणुकांचे दिवस होते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी गैरसमज दूर करायला तोंड उघडलं, पण तोवर चहा आला होता. आणि पोलीस ठाण्यात मिळालेला चहा नाकारायला फार मोठं चारित्र्य लागतं. मी संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी सदू दळवी दारात हजर. "गमरे, उभे राहताय आणि आम्हाला पत्ता नाही? कोणाकडून?" त्यांच्यामागं तळमजल्यावरचे दोघं होते. पाण्याचा दाब, भटके कुत्रे आणि गेटसमोरचा स्पीडब्रेकर या प्रश्नांवर माझी भूमिका त्यांना तिथल्या तिथं हवी होती. मी सांगितलं, की मी रस्त्याच्या कडेला उभा राहणार आहे. दळवींनी मागच्या दोघांना हातानं थोपवलं. मग म्हणाले, "अपक्ष?"

खुलासा करायला मला ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकावा लागला. त्याखाली आठवडाभर सल्ले येत होते. उभं राहायचं तर पायाला क्रेप बँडेज बांधा. खिशात गूळ ठेवा. एकाच पायावर भार देऊ नका. एकानं विचारलं, शर्यत संपल्यावर त्या सायकली स्वस्तात विकतात का. डॉक्टरांचं प्रमाणपत्रही लागत होतं. त्यांनी विचारलं, "ऑफिसात काय करता?" मी म्हणालो, "बसतो." त्यांनी कागदावर लिहिलं, 'उभे राहण्याचा प्रयत्न करण्यास हरकत नाही.' त्या 'प्रयत्न' शब्दाची गरज नव्हती, असं माझं आजही म्हणणं आहे.

एवढं करून मी प्रशिक्षणाला गेलो. वाशीतल्या एका हॉलमध्ये निशांत नावाचा, कानात यंत्र घातलेला आयोजकांचा माणूस स्टेजवर उड्या मारत होता. "सर, मॅडम, एकच गोल्डन रूल. मार्शलचा फेस कायम पब्लिककडे. पाठ रस्त्याकडे. रायडर्स आले तरी वळायचं नाही. तुम्ही वळलात की पब्लिक पुढे घुसतं. मोबाइल पण स्विच ऑफ."

मी हात वर केला. "मग शर्यत कधी बघायची?"

"हायलाइट्समध्ये, सर."

हॉल हसला. मी हसलो नाही. जगातल्या एकूण एक माणसाला योरिस दिसणार होता. फक्त त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा असलेला रावसाहेब गमरे करावे जेट्टीकडच्या रस्त्यावरचे कुत्रे मोजणार होता. कारण जागाही मिळाली ती तीच. मी पारसिक हिलचा माथा मागितला होता. मला पाम बीच रोडचं खाडीकडचं एक तोंड दिलं, जिथून जेट्टीचा रस्ता फुटतो.

माघार घ्यावी म्हटलं तर तीही सोय उरली नव्हती. आईनं इमारतभर सांगून ठेवलं होतं, की परदेशी पाहुण्यांच्या बंदोबस्ताला सरकारनं तिच्या मुलाला बोलावलंय. मात्र पाठ करून उभं राहायचं हे कळल्यावर ती गंभीर झाली. "इतक्या लांबून माणसं येणार आनि त्यांना पाठ दाखवायची? आपल्या गावात असलं करत नाहीत, बाबा." आणि हिरामणशेठ? ते सोफ्यावरून खाली घसरेपर्यंत हसले. "म्हंजे शर्यत मी बगनार, नि तू मना बगनार!"

तो रविवार उजाडला. जाकीट माझ्या मापाचं नव्हतं. त्याची चेन छातीपर्यंत येऊन विचार बदलत होती. शिट्टीतला दाणा हरवलेला होता, त्यामुळं फुंकली की नुसता सुस्कारा बाहेर पडे. रस्ता बंद होण्याआधीच लोकांनी माझी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. एका बाईंना समोर फक्त दूध घ्यायचं होतं. एका काकांना फक्त रस्ता ओलांडून परत यायचं होतं, कारण विचारलं तर म्हणाले, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

दुपार कलली आणि बेंजो ऐकू आला. केतनची हळद. हळदीला बसण्याआधी जेट्टीवरच्या देवीला नारळ द्यायचा, असा भोईरांच्या घरचा रिवाज. पुढं बेंजो पार्टी, मध्ये नव्या शर्टात केतन, मागं यशोदावहिनी ताट घेऊन, आणि सगळ्यांच्या पुढं मागं हिरामणशेठ, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात शर्यत चालू असलेला मोबाइल.

"रावसाहेब, आता जाताव नि आता येताव," ते म्हणाले.

"रस्ता बंद होणार आहे, हिरामणशेठ. पोलिसांची पहिली मोटरसायकल गेली की एक माणूस सोडता येणार नाही मला."

"आरं, नारल फोरायला कितीसा येल लागतो?"

नारळ फोडायला वेळ लागत नाही, हे खरं. पण देवीसमोर केतनच्या मावशीच्या अंगात नाच आला. मावशी नाचल्या म्हणून आत्या नाचल्या. आत्या नाचल्या म्हणून बेंजोवाल्यांनी चाल वाढवली. हे सगळं मला माझ्या जागेवरून दिसत होतं, कारण माझं तोंड नेमकं तिकडंच होतं. मी झेंडा हलवला. मी शिट्टी फुंकली, सुस्कारा निघाला. पाठीमागून पोलिसांची मोटरसायकल सायरन वाजवत निघून गेली आणि मी जेट्टीच्या तोंडावर दोरी ताणली. त्यानंतर हळद आली.

आता आपण पहिल्या प्रश्नापाशी परत आलो. माणूस का सिग्नल.

"हिरामणशेठ, नियम आहे."

"नियम तुज्या जागेवर. तिकरं मांडवात दोन्हीकरचं पावनं बसलंत. पोरगा हलदीला बसायचा हाय!"

यशोदावहिनी पुढं आल्या. त्यांनी आवाजही चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "भावजी, तुमची पायल माज्या मांडीवर मोठी झाली ना? तिच्या शालेच्या गाडीला मी सोराया जायची ना?"

या वाक्याला कुठल्याही प्रशिक्षणात उत्तर शिकवत नाहीत. केतन बिचारा म्हणाला, "काका, राहू द्या, थांबतो आम्ही," तर मावशींनी त्याला गप्प केलं. बेंजोवाल्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी हळू आवाजात दुःखी चाल धरली.

मग हिरामणशेठ दोरीला लगटून माझ्या कानाशी आले. आवाज एकदम बदललेला. आता माझ्याशी नवरदेवाचा बाप बोलत नव्हता, गादीवाला बोलत होता.

"रावसाहेब, ऐक. पुरं पाच जन सुटलंत. फुटीर." (घोळक्यातून सुटून पुढं पळणाऱ्यांना आम्ही फुटीर म्हणतो. या शब्दाचा आपल्याकडचा दुसरा अर्थ इथं घेऊ नये.) "त्यांच्यात ना तुजा कोनी, ना माजा. मागचा घोलका चार मिनटं मागं हाय. नलवालं नि गादीवालं येकमेकांवर डोला ठेवून हलूहलू येतंत. पुरचं पाच गेलं, की मधी रस्ता मोकला. चार मिनटांत हलद काय, आख्खा करावा गाव पार हुईल!"

मी मनात तपासून पाहिलं. एक चूक सापडेना. फुटिरांना लांब जाऊ द्यायचं आणि चढाच्या पायथ्याशी पकडायचं, हा दोन्ही संघांचा नेहमीचा डाव. तोवर घोळका आळसातच येणार. शास्त्रशुद्ध विचार होता. माणुसकीचाही होता. पायलच्या शाळेच्या गाडीचाही होता.

"फुटीर गेले की पटकन," मी पुटपुटलो. "रांगेत. नाच नाही."

पाठीमागं सरसर आवाज झाला, साखळ्यांचा किर्र नाद गेला. पाच फुटीर. समोर सगळ्यांच्या माना एकदम डावीकडून उजवीकडं फिरल्या, जणू कोणी दोरीनं ओढल्या. मी दोरीची गाठ सैल केली. यशोदावहिनींनी ताट सांभाळलं. हिरामणशेठनी पहिलं पाऊल उचललं.

आणि माझ्या हातातला झेंडा फडफडला.

दिवसभर तो मेल्यासारखा लोंबत होता. आता तो खाडीकडून रस्त्याकडं ताठ आडवा झाला, इस्त्री केल्यासारखा. जाकीट पाठीवर फुगलं. मी झेंड्याकडं पाहिलं. हिरामणशेठनी झेंड्याकडं पाहिलं. त्यांचा पाय हवेतच राहिला.

आडवा वारा!

ज्यांनी आमच्याबरोबर शर्यती बघितलेल्या नाहीत त्यांना सांगतो. वारा समोरून असला तर एकामागं एक राहून आडोसा मिळतो. वारा बाजूनं आला की आडोसाही तिरका होतो. गडी रस्त्यावर तिरप्या ओळीत पसरतात. पण रस्ता रुंद असून असून किती असणार? ओळीत मावले ते वाचले. उरलेले कडेला वारा खात लोंबकळतात आणि तुटतात. कसलेला संघ अशाच क्षणाची वाट बघत असतो. वारा फिरला रे फिरला, की पुढं येऊन असा काही वेग वाढवायचा, की घोळक्याचे तुकडे तुकडे. आणि पाम बीच रोडसारखा सरळ, उघडा, एका बाजूला खाडी असलेला रस्ता? इथं चार मिनिटांची दीड व्हायला कितीसा वेळ!

"फोरनार आता!" हिरामणशेठ किंचाळले.

"फोडणार!" मी म्हणालो. आमच्या दोघांच्या अंगावर एकाच वेळी काटा आला. त्यांच्या हातावरचा मी पाहिला.

मी दोरी परत आवळली. आणि आतापर्यंत रस्ता मागणारे हिरामण भोईर वळून, दोन्ही हात पसरून, स्वतःच्याच वऱ्हाडाला ओरडले, "मागं व्हा! कोनी हलायचं नाय! जो हलंल त्याला मटन नाय!" एवढा परिणामकारक बंदोबस्त मी नंतरही कुठं पाहिला नाही. मावशींसकट सगळे दोरीमागं चिकटले. तोवर दूरवरून एक आवाज येऊ लागला. खूप माणसं एकाच वेळी गहू पाखडतायत, असा. जवळ येत गेला, आणि माझ्या पाठीवरून, अगदी जाकिटाला घासून, वारा गेला.

मी वळलो नाही. शपथेवर सांगतो, वळलो नाही. पण शर्यत मी पाहिली. यशोदावहिनींच्या तोंडावर पाहिली. त्यांचे डोळे मोठे झाले, ओठ उघडे पडले आणि हातातल्या ताटातल्या सुपाऱ्या घरंगळून गेल्या तरी त्यांना कळलं नाही. केतन स्वतःची हळद विसरून मावशींच्या खांद्यावर थापा मारत होता. बेंजोवाल्यांनी न सांगता असा ठेका धरला, की घोळक्यानं त्यावर पायडल मारले असावेत. आणि हिरामणशेठ माझ्या खांद्यावरून बघत, हवेत मुठी हाणत, धावतं वर्णन करत होते.

"फुटला! पार फुटला! पुरं बारा-पंधरा जन! बेनेदेत्ती हाय! माजा बेनेदेत्ती हाय! पयल्या ओलीत हाय! बग रं बग!"

"कसा बघू?" मी खाडीकडं तोंड करून ओरडलो. "नळवाले? नळवाले किती?"

"गादीवालं चार!"

"नळवाले विचारतोय मी!"

"हायत हायत. हायत कोनीतरी."

"योरिस?"

"बगतंय थांब. गेलं. दुसरी टोली आली. ही लटकली. तोंडातून फेस येतो रं यांच्या!"

दुसरी टोळी गेली, तिसरी गेली. समोरच्या चेहऱ्यांवरचा उजेड हळूहळू कमी झाला. बेंजो थांबला. गाड्या गेल्या, हॉर्न गेले. मला वाटलं, संपलं. योरिस कधी गेला, कोणत्या टोळीत गेला, मला कधीच कळणार नव्हतं. पोलीस ठाण्यातला चहा, डॉक्टरांचा तो 'प्रयत्न', सगळं फुकट गेलं होतं. जाकिटाची चेन आपण होऊन खाली आली.

मग यशोदावहिनींचा चेहरा बदलला. लेकराला ठेच लागल्यावर होतो तसा.

"अगो बाय," त्या म्हणाल्या. "यो येकलाच रायला बिचारा. तोंड बगा कसा झालाय."

एकटा. सगळ्यांच्या मागं. म्हणजे वारा फिरला तेव्हा कोणीतरी पुढं येऊन, स्वतःचा दम संपेपर्यंत वारा खाऊन, आपल्या म्होरक्याला पहिल्या टोळीत नेऊन सोडलं होतं आणि मग गळून मागं पडलं होतं. असं काम करणारा मला एकच माहीत होता.

मी हिरामणशेठकडं पाहिलं. त्यांनी मुठी खाली घेतल्या होत्या.

"तुजाच हाय," ते हळूच म्हणाले. "नलवाला." आणि मग त्या माणसानं, ज्यानं माझ्या पाणक्याला वर्षानुवर्षं हसून घेतलं होतं, माझ्या हातातली दोरी काढून घेतली. "आता बग. कोनी नाय जात रस्त्यात. मी हाय ना."

मी वळलो.

वळायला जरा वेळ लागला, कारण पाय आखडले होते. तोवर तो पुढं गेलेला. मला दिसली ती त्याची पाठ. घामानं काळी पडलेली, शर्टाच्या पाठीवरच्या खिशात एक रिकामी बाटली खोचलेली, आणि वाऱ्यावर कललेली. मी 'योरिस!' म्हणून ओरडलो. तो शब्द आमच्या वऱ्हाडानं उचलला. मावशी, आत्या, केतन, सगळे 'योरिस! योरिस!' बेंजोवाल्यांनी नावाची चालही बांधली. आणि त्यानं एक हात वर केला. हिरामणशेठचं म्हणणं, नाक पुसलं. मी वाद घालत नाही.

एवढ्यात स्कूटरवरून निशांत आला. पब्लिककडं पाठ करून, दोन्ही हात वर करून नाचणारा मार्शल आणि दोरी धरून उभा असलेला नवरदेवाचा बाप, हे दृश्य त्यानं पाहिलं. "सर! एकच रूल होता, सर!" त्यानं माझ्याकडून जाकीट, शिट्टी आणि झेंडा काढून घेतला. शिट्टी त्यानं रागानं फुंकून पाहिली. सुस्कारा निघाला. मला त्यातल्या त्यात समाधान वाटलं.

रस्ता उघडला. अधिकार गेलेल्या माणसाला वऱ्हाडात घ्यायला कोणाची हरकत नव्हती; मी बेंजोमागून चालत मांडवात गेलो. केतन हळदीला बसला. मावशींनी माझ्या दोन्ही गालांना हळद फासली, म्हणाल्या, "तू नसता तर आमी त्या सायकलींखाली असतो." त्यावर पाहुण्यांमध्ये माझी जी प्रतिमा तयार झाली, ती मी मोडली नाही.

मात्र आम्हा दोघांचा प्रश्न एकच होता. जिंकलं कोण? हिरामणशेठचा मोबाइल नाचात कोणाच्या तरी पायाखाली गेला होता आणि माझा सकाळी बंद केला तो उठतच नव्हता. पाहुण्यांचे मोबाइल हळदीचे फोटो काढण्यात गुंतले होते. पारसिक हिलच्या माथ्यावर आईला आणि पायलला घेऊन क्रांती गेली होती. ती मांडवात शिरली तेव्हा तिचा आवाज बसलेला. आम्ही दोघं पिवळ्या तोंडांनी तिच्यावर धावून गेलो.

"थांबा, सांगते," क्रांती म्हणाली. "शेवटच्या चढावर दोघंच राहिले होते हो पुढं. तुमचा तो म्होरक्या, आणि भावजींचा बेनेदेत्ती. काय अंतर होतं मागच्यांपासून! आई तर खुर्चीवर चढली. आणि मग दोघं एकमेकांकडं बघायला लागले."

"म्हंजे?" हिरामणशेठ म्हणाले.

"म्हणजे तू आधी सूट, मग मी. नाही, तू आधी. इतके हळू झाले, की शेजारून आमच्या मजल्यावरचे दळवी चालत पुढं गेले असते. आणि मागून एक पोरगा आला. कोण कुठला कुणास ठाऊक, पाठीवर बिस्किटाचं चित्र. तो यांच्या बाजूनं सरळ निघून गेला. हे दोघं अजून एकमेकांकडंच बघतायत!"

आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"बिस्किटवाला?" हिरामणशेठ म्हणाले.

"बिस्किटवाला," मी म्हणालो. असला संताप आम्हाला एकमेकांबद्दल कधी आला नव्हता.

पुढचा सगळा वेळ आम्ही मांडवाच्या कोपऱ्यात एकाच पत्रावळीवर वाकून बसलो होतो. वडा म्हणजे पारसिक हिल. कांद्याची चकती म्हणजे बेनेदेत्ती, लिंबाची फोड म्हणजे आमचा म्होरक्या. मटणाचा एक तुकडा मागून हळूहळू सरकत येत होता. इथं तुमच्यानं एकदा जोर लावला असता तर. आणि तुझ्यानं इथं बाजू सोडली नसती तर. अरे, पण दोघांनी मिळून त्याला आधी दमवायचा ना! आयुष्यात पहिल्यांदाच नळवाले आणि गादीवाले एका बाजूला होते. हिरामणशेठनी माझं लिंबू स्वतःच्या हातानं पुढं सरकवलं; मी त्यांच्या कांद्याला आडोसा दिला. तरी कसंही खेळलं तरी तो तुकडा शेवटी वड्याच्या माथ्यावर पोचतच होता.

"आवो!" यशोदावहिनींचा आवाज मांडवभर घुमला. "पोराला हलद लावायला बाप पायजे! कुठं मेलाय बाप?"

"आलो, आलो," हिरामणशेठ म्हणाले आणि उठले. दोन पावलं गेले. मग परत आले, बिस्किटवाल्याला माथ्यावरून उचललं आणि हाडासकट चावून टाकलं.